सत्काराच्या फोटोमागचा खिळा

समोरच्या घरातली दैवशाला मला आडवी झालेली दिसायची ती फक्त सलाइन लावलेलं असलं की. एरवी उभी. पहाटे दूध घ्यायला दारात उभी, दिवसभर ओट्यापाशी उभी, संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला उभी. उमरग्याच्या आमच्या कॉलनीत हे कुटुंब राहायला आलं आणि मी शाळेतून निवृत्त झाले, ते एकाच उन्हाळ्यात. निवृत्त बाईला खिडकीत बसून समोरचं बघण्याशिवाय दुसरं काम नसतं. तर मी इतकी वर्षं बघत आले आहे आणि जे बघितलं त्यानं माझं डोकं फिरलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढं वैजनाथरावांबद्दल मी वाकडं बोलले तर कुणी दचकू नये.

वैजनाथराव म्हणजे दैवशालाचे यजमान. सरकारी कचेरीत लिपिक. गाव अणदूरच्या पलीकडं, तिथली जमीन वाट्यानं दिलेली. मुलाचं शिक्षण आणि आईवडिलांची तब्येत, या दोन कारणांसाठी आपण शहरात आलो, असं ते येईल त्याला सांगतात. मुलगा तर लगेच क्लाससाठी लातूरला गेला. राहिली तब्येत. तिची मात्र त्यांनी मनापासून काळजी घेतली, आईवडिलांची आणि स्वतःचीही. बायकोची तब्येत या हिशेबात कुठं बसते हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

घर बांधलं तेही आरोग्याचा विचार करूनच म्हणे. हमरस्त्यापासून इतकं जवळ, की रात्रंदिवस हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न पलंगावर पडल्यापडल्या ऐकू यावेत आणि रस्त्याची धूळ न चुकता ताटात यावी. कारण काय, तर दवाखाने जवळ. प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत उभी केली, अंगणाला वीतभर जागा सोडली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. दारावर ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत 'मातृछाया'. आतल्या मातेला मात्र दिवसा दिवा लावल्याशिवाय डाळ निवडता येत नाही.

आणि तो ओटा. काळा, चकचकीत, खाली लोखंडी कप्पे. तो बांधताना मिस्त्रीनं विचारलं, उंची किती ठेवायची. वैजनाथराव पुढं सरसावले, ताठ उभे राहिले आणि कोपरापर्यंत माप देऊन मोकळे झाले. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहा केलेला नाही त्याच्या मापाचा ओटा. दैवशाला त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. ती पाटावर उभी राहून भाकरी थापते. पाट जरा डुगडुगतो, म्हणून एका पायाखाली पुठ्ठा घातलेला आहे.

गावाकडं फार सुख होतं असं मी म्हणणार नाही. मी खेड्यातच नोकरी केली आहे, चुलीचा धूर काय असतो ते मला सांगू नका. पण तिथं बाई बसायची तरी. भाकरी बसून, भांडी बसून, निवडणं-टिपणं बसून, आणि तेही चार जणींबरोबर लिंबाखाली. शहरात आल्यावर भाकरी उभ्यानं, भांडी उभ्यानं आणि बोलायला समोर टाइल्स. नळाला पाणी आलं की ते भरायचं, आणि टाकीत पाणी चढवायची मोटर जळालेली असली, म्हणजे बहुतेक वेळा, बादल्या गच्चीवर न्यायच्या. सुधारणा म्हणतात ती आमच्या दैवशालाच्या वाट्याला अशी आली.

आता त्या घरातल्या आरोग्याकडं वळू. सासरे गुंडाप्पा यांना रक्तदाब, त्यामुळं त्यांची भाजी अळणी. सासू नागूबाई यांना दात नाहीत, त्यामुळं त्यांची भाकरी दुधात कुस्करलेली, भाजी मऊ. वैजनाथरावांना पोट सुटल्याची काळजी, त्यामुळं सकाळी उठल्याबरोबर जिऱ्याचं पाणी, फिरून आल्यावर दुधीभोपळ्याचा रस, दुपारी नाचणी, रात्री फक्त मुगाची खिचडी. लातूरच्या मुलाचा डबा एसटीनं जातो, त्यात तूप जास्त, कारण त्याला डॉक्टर व्हायचं आहे. हे सगळं वेगवेगळ्या वेळेला, वेगवेगळ्या पातेल्यात, एकाच बाईनं करायचं. सगळ्यांचं झालं की उरलेलं, म्हणजे थोडी अळणी भाजी, थोडी मऊ भाजी आणि कालची भाकरी, हा दैवशालाचा आहार. त्याला अजून कुठल्या तज्ज्ञानं नाव दिलेलं नाही.

वैजनाथराव पांढरे बूट घालून सकाळी फिरायला जातात. मनगटावर घड्याळ, ते पावलं मोजतं. परत आले की फाटकापाशी उभे राहून मला ते दाखवतात. कॉलनीच्या ग्रुपवर रोज आरोग्याचा एक संदेश त्यांचाच. एका वर्षी कुठल्याशा मंडळानं 'आरोग्यदूत' म्हणून त्यांचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो मोठा करून त्यांनी पुढच्या खोलीत, पलंगाच्या वर, भल्या दांडग्या खिळ्यावर लावला. त्या खिळ्याचा खरा उपयोग पुढं निराळाच झाला.

त्यात दवाखान्याला येणारे पाहुणे. आमच्या उमरग्यात दवाखान्यांना तोटा नाही, आणि गावाकडच्या भावकीत आजाऱ्यांनाही नाही. आजारी माणूस एकटा येत नाही, जीप भरून येतो. आजारी एक, त्याला धरायला दोघं, डॉक्टरशी बोलायला एक जाणता आणि उमरगा बघायला उरलेले. आजाऱ्याला दवाखान्यात बसवायचं आणि बाकीच्यांनी 'मातृछाया'त जेवायला यायचं. रिपोर्ट उद्या मिळणार म्हटलं की मुक्काम. वैजनाथरावांना याचा कोण अभिमान. आपलं घर म्हणजे धर्मशाळा आहे, असं ते छाती फुगवून सांगतात आणि कचेरीत निघून जातात. साऱ्या भावकीचे आजार त्या घरातून बरे होऊन गेले. ते जाताना काय ठेवून जातात, ते दैवशालाच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसायचं.

अशात तिला चक्कर यायची. हातपाय गळायचे, पाटावरून तोल जायचा. मग वैजनाथराव तिला स्टँडजवळच्या जुन्या डॉक्टरांकडं न्यायचे. नाव सांगत नाही, म्हातारा माणूस आहे. त्यांची पद्धत साधी होती, येईल त्याला सलाइन.

बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं आजार किती खरा हे बाटलीवर ठरतं. गोळ्या दिल्या तर किरकोळ. इंजेक्शन दिलं तर असेल काहीतरी. सलाइन लावलं म्हणजे मात्र माणूस खरोखर आजारी, त्यात शंका नाही. त्यातही पांढऱ्यापेक्षा पिवळं भारी. पिवळी बाटली लागली की बघायला येणारे बिस्किटाचे पुडे घेऊन येतात.

तर दैवशालाला अधूनमधून पिवळी बाटली लागायची. डॉक्टरांचा कंपाउंडर सोमेश घरी येऊन लावून जायचा. सत्काराचा फोटो खाली उतरवायचा, त्या खिळ्याला बाटली टांगायची आणि खाली पलंगावर दैवशाला. तेवढा वेळ त्या घराचं रूप पालटायचं. टीव्हीचा आवाज बारीक. गुंडाप्पा खोकायचे तेही बाहेर जाऊन. नागूबाई स्वतः चहा ठेवायच्या. आलेले पाहुणे दारातूनच तब्येत विचारून हॉटेलात जेवायला जायचे. वैजनाथराव चवड्यांवर चालायचे. आणि ही बाई तोंड उघडं टाकून अशी झोपायची, की मला खिडकीतून बघतानाही बरं वाटायचं. बाटली संपली, सुई निघाली, की फोटो परत भिंतीवर आणि ही परत पाटावर.

मी एकदा तिला विचारलं, त्या पाण्यात तुला एवढं काय बरं वाटतं गं.

ती म्हणाली, "बाई, ज्या हाताला सुई हाय त्या हाताला कुनी काम सांगत न्हाय."

एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग जुने डॉक्टर थकले आणि मुलाकडं पुण्याला निघून गेले. त्यांच्या जागी अर्पिता नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, शांत, खरं बोलणाऱ्या. दैवशालाला पुन्हा चक्कर आली तेव्हा वैजनाथरावांना मीटिंग होती, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, रक्त काढलं, जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली. काय खातेस, कधी खातेस, झोपतेस कधी, हे विचारलं. तिला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर देताना ती माझ्याकडं बघत होती.

मग त्यांनी सांगितलं. रक्त बरंच कमी आहे. लोहाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, सगळ्यांबरोबर बसून ताजं जेवायचं, दुपारी तासभर आडवं व्हायचं, जड उचलायचं नाही. आणि सलाइनची काही गरज नाही, त्यात मीठ-साखरेचं पाणी असतं, पिवळा रंग व्हिटॅमिनचा. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. अखेर कुणीतरी शहाणं माणूस भेटलं असं वाटलं. दैवशालाचा चेहरा मात्र पडला, आणि तो का पडला हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी कळलं. सासूनं विचारलं, बाटली कुठाय. नाही दिली म्हणाली. रक्त कमी आहे, आराम करा म्हणाल्या, असंही तिनं सांगितलं. पण ते कुणाच्या कानात शिरलंच नाही.

"सलाइन न्हाय म्हंजी काय न्हाय," नागूबाईंनी निकाल दिला.

घरात आनंदीआनंद झाला. वैजनाथरावांनी लातूरला मुलाला फोन करून मम्मीला काही झालेलं नाही असं कळवलं, भावकीच्या ग्रुपवरही टाकलं. देवीला नारळ फोडून झाला. आणि दुसऱ्या दिवशी जीप आली, कुणाच्या तरी गुडघ्याला दाखवायला. खऱ्या डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं आणि त्या बाईची होती नव्हती तेवढी विश्रांती गेली. याला कुणावर रागवावं? मी सगळ्यांवर रागावले.

वैजनाथरावांना मी फाटकात गाठलं. म्हटलं, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. ते हसले. मला समजावायला लागले, तेही मी जन्मभर शाळेत शिकवलेलं असताना. "बाई, आराम तर हायच की हितं. गावाकडं रानात जावं लागायचं. हितं काय, बटन दाबलं की मिक्सर." मग आवाज खाली आणून त्यांनी स्वतःचं निदान सांगितलं. तिला व्यायाम नाही. दिवसभर घरातच असते. तिनं सकाळी माझ्याबरोबर फिरायला आलं पाहिजे, पण ऐकत नाही. एवढं सांगून त्यांनी घड्याळात पावलं बघितली. माझ्या हातात तेव्हा पाण्याचा तांब्या होता. तो मी त्यांच्या अंगावर रिकामा केला नाही, याचं श्रेय माझ्या संस्काराला द्या.

पावसाळा संपेपर्यंत दैवशालाचा रंग पिठासारखा झाला. लोहाच्या गोळ्या फडताळात मसाल्याच्या डब्यामागं पडून होत्या. पोटात जेवण नसेल तर त्या सोसत नाहीत आणि जेवायला वेळ नाही. मी एकदोनदा तिला माझ्याकडं बोलावून गरम भाकरी वाढली. अर्धी खाल्ली, तेवढ्यात समोरून हाक आली आणि गेली उठून.

एका सकाळी गच्चीच्या जिन्यात बादली कोसळल्याचा आवाज झाला. मी धावले. नागूबाई देवळात, गुंडाप्पा स्टँडवरच्या हॉटेलात, वैजनाथराव पावलं मोजायला. दैवशाला चौथ्या-पाचव्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, ओलीचिंब, ओठ पांढरे पडलेले. मी तिला पाणी पाजलं. डॉक्टरांकडं चल म्हटलं. तिनं मान हलवली.

"घरात सांगू नगा, बाई. सांगितलं तर म्हनतील, डॉक्टर तर काय न्हाय म्हनली."

मला भीती वाटली, खरी भीती. ही बाई अशीच एक दिवस या जिन्यातून खाली जाईल, आणि मग मात्र तिला बघायला चार जिपा येतील. ते सगळे लोक मला डोळ्यांपुढं दिसले. त्यांच्या जेवणाचं कोण बघणार, असाही विचार आला आणि माझीच मला चीड आली.

गच्चीवर तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावला होता. जुन्या डॉक्टरांच्या वेळची एक रिकामी बाटली, नळीसकट, तिनं टाकून न देता त्या झाडाला अडकवली होती, थेंब थेंब पाणी पडावं म्हणून. आमच्याकडं बऱ्याच घरी असं करतात. उठताना तिची नजर त्या बाटलीवर गेली आणि तिथंच राहिली.

पुढच्या सोमवारी मी ताक द्यायला म्हणून समोर गेले. दार नुसतं लोटलेलं. आत शिरते तो दैवशाला पलंगावर, अंगावर चादर, हाताला पांढरी पट्टी, आणि सत्काराच्या फोटोच्या खिळ्याला पिवळी बाटली. माझा जीव खाली आला की वर गेला, मलाच कळेना. डॉक्टरीणबाईंनी शेवटी दिलंच का, म्हणून मी जवळ गेले. बाटलीच्या तळाशी पिवळा गाळ बसलेला. व्हिटॅमिनचा गाळ असा बसत नाही. नळी पट्टीखालून पुढं चादरीत गेलेली, चादरीतून पलंगाखाली, आणि पलंगाखाली तांब्या. त्यात टप, टप. वास हळदीचा.

तिनं एक डोळा उघडला.

"बाई, दार नीट लोटून घ्या," म्हणाली, आणि डोळा मिटला.

मी दार लोटलं आणि खुर्ची ओढून पलंगापाशी बसले. हसू की रडू अशी गत. एवढ्यात नागूबाई देवळातून आल्या. बाटली बघून उंबऱ्यातच थबकल्या. कुणी लावलं, विचारलं. मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, पण त्या क्षणी माझ्या तोंडून असं सफाईनं बाहेर पडलं, की माझी भाची नर्स आहे, ती आली होती, तिनं तपासलं आणि ताबडतोब लावावं लागलं. मला भाची नाही. भाऊही नाही.

नागूबाईंनी हातातली परडी ठेवली आणि चहा ठेवायला गेल्या.

मग काय विचारता. वैजनाथराव रजा टाकून आले, शहाळं घेऊन. चवड्यांवर. गुंडाप्पा बाहेर जाऊन खोकले. भावकीला फोन गेले, पिवळी लागली आहे, सध्या येऊ नका. दैवशाला तोंड उघडं टाकून झोपली. भाचीला सारखं येणं जमणार नाही, तिनं बाटली लावायला मला शिकवलंय, असं सांगून मी तिथंच बसून तिच्या वतीनं फर्मानं काढली. सोमवारी आणि शुक्रवारी बाटली, बरेच महिने. बाटली चालू असलेल्या माणसानं शिळं खायचं नाही, उलटतं. जेवण सगळ्यांच्या आधी, गरम. त्यावर लोहाची गोळी. बादली उचलायची नाही, नस तुटते. डॉक्टरीणबाईंनी हेच सगळं सांगितलं होतं, फुकट गेलं. बाटली टांगून सांगितलं तर वैजनाथरावांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि त्याच दिवशी मोटर दुरुस्तीला माणूस बोलावला. माझ्या न झालेल्या भाचीचा शब्द त्या घरात खऱ्या डॉक्टरच्या वर गेला. काय लोक आहेत.

दोनतीन महिन्यांत दैवशालाच्या गालांवर रंग आला. रक्त पुन्हा तपासलं, वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई गोळ्यांवर खूश झाल्या, घरचे हळदीवर. मी कुणालाच काही बोलले नाही.

पण नागूबाईंची मला धास्ती होती. ही बाई म्हणजे त्या घरातलं न्यायालय. आमच्या टायमाला असं नव्हतं, हे तिचं पालुपद. उकिडवी बसून लसूण सोलताना सुनेच्या पलंगाकडं बघत राहायची. एका शुक्रवारी केर काढता काढता तिचा झाडू पलंगाखाली गेला आणि तांब्या कलंडला. मी समोरून बघत होते. तिनं वाकून तो उचलला, आत बघितलं, बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. आता ओरडणार, आता सगळी कॉलनी गोळा करणार. तिनं फरशी पुसली, तांब्या होता तिथं परत ठेवला, नळीचं टोक त्यात सोडलं आणि केर भरून बाहेर गेली.

दोन दिवसांनी ती माझ्याकडं आली. इतक्या वर्षांत माझ्या घराची पायरी कधी चढली नव्हती. मी खुर्ची दिली, ती खाली बसली, भिंतीला पाठ लावून. पाय लांब करता करता कण्हली. घोटे सुजलेले होते, टाचांना भेगा. मी चहाचं विचारलं, नको म्हणाली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मी मनात खोट्या भाचीच्या बचावाची तयारी करत होते.

"बाई, तुमच्या भाचीला सांगा," ती म्हणाली, "मलाबी एक लावा म्हनावं."

मी तिच्याशेजारी खाली बसले.

"आन हळद जरा कमी टाका म्हनावं. चादरीचा डाग निघंना."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघतच पुढं बोलली. "बाळंतपनाच्या बाजंवर पडले तेवढंच, बाई. दिवसाउजेडी पाठ कदी टेकली न्हाय म्या. पडलं तर लोक काय म्हनतील." तिच्या तोंडून एवढं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि रागही आला, इतका की कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. सुनेला वर्षानुवर्षं राबवणारी ही बाई, आणि हिला तिच्याआधी तसंच कुणीतरी राबवलेलं, आणि दोघींना झोपायला एक खोटी बाटली लागावी.

सोमवारी दुसरा पलंग पुढच्या खोलीत आणला. भिंतीला खिळा एकच. दुसरा ठोकायला वैजनाथराव स्वतः हातोडी घेऊन स्टुलावर चढले. पहिल्या घावाला प्लास्टरचा पोपडा निघाला, दुसऱ्याला अंगठा सापडला, तिसऱ्याला खिळा बसला. आईलाही अशक्तपणा यावा याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. शहरातलं पाणीच खराब, म्हणाले. सत्काराचा फोटो चपलांच्या रॅकवर भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. मी सगळ्यांना बाहेर काढलं, गर्दीत बाटली लावायची नाही असं भाचीनं बजावलंय म्हणून सांगितलं, दार लावलं आणि दोन्ही बाटल्या टांगल्या. तोपर्यंत या कामात मी तयार झाले होते. हळद कमी टाकली.

नागूबाई पलंगावर ताठ पडल्या होत्या, हात अंगाला चिकटवून, डोळे टक्क उघडे. पंख्याकडं बघत होत्या. पट्टी लावून झाल्यावर त्यांनी मान वळवून सुनेला विचारलं, "आता काय करायचं?"

शेजारच्या पलंगावरून दैवशाला म्हणाली, "काय न्हाय करायचं, आत्या. पडून ऱ्हायचं."

नागूबाईंनी जरा विचार केला. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले. डोळे मिटले. मी दार उघडलं आणि तिथंच खुर्ची टाकून बसले.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. गुंडाप्पांची अळणी भाजी कोण करणार हा प्रश्न होता आणि त्याला उत्तर एकच उरलं होतं. वैजनाथरावांनी दैवशालाचा पाट पायानं बाजूला सारला आणि ओट्यापाशी उभे राहिले. ओटा त्यांना अगदी बेताचा बसत होता. तासाभरानं ते हात पुसत, चवड्यांवर, दारापाशी आले. कपाळावर घाम, मनगटावरचं घड्याळ कणकेनं माखलेलं. दोन्ही बाटल्यांकडं बघून त्यांनी कुजबुजत विचारलं, "बाई, ह्ये कदी संपंल?"

मी उठले, आधी नागूबाईंच्या आणि मग दैवशालाच्या नळीचं चाक आणखी थोडं आवळलं, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.